काय म्हणत्यात बाई?

सिस्टर,

आज दवाखान्याचं कुलूप मीच काढलं. फडताळ उघडलं, बाटल्या पुसल्या, वजनाचा काटा झटकला आणि सवयीनं तुमच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. हात मागे बांधून, तुम्हाला मुळीच आवडत नसे तसा. बाहेर ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती, पण आत कुणी येईना. शेवटी एका म्हातारीनं दारातून डोकावून विचारलं, "भाऊसाब, आता तुमी कुनाचं सांगनार?" तिच्यावर उगाच खेकसलो, खोकल्याचं औषध देऊन तिला वाटेला लावलं आणि मग बराच वेळ तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो.

तुम्हाला जाऊन दहावा दिवस. आमच्यात दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग घरातले एकेक जण पुढे होऊन हात जोडतात, "तुझ्या लेकराचं आम्ही बघू," "तुझं अमुक पुरं करू," असं म्हणत राहतात. तुमच्यात हे काही नाही. पण तुमची इच्छा कोणती राहिली, हे मला कुठल्या कावळ्याला विचारायला नको. मला ठाऊक आहे आणि ती माझ्यामुळे राहिली. म्हणून दुपारी पारूबाईकडे जाऊन आलो. तिथं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी सांगायचा धीर होत नाही.

हे मराठीत लिहितोय. तुम्हाला ते वाचता यायचं नाही, आणि त्यालाही मीच कारण आहे.

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा लढाई सुरू होती आणि मी कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत होतो. मिशनच्या पाद्रीसाहेबांनी बोलावलं, म्हणाले, स्पेन देशाची एक नर्सबाई येतेय, तिला थोडं इंग्रजी येतं, तुम्ही तिचं मराठीत सांगायचं. घरी आईनं तोंडावर पदर घेतला. मिशनच्या दवाखान्यात नोकरी, म्हणजे आता रोज विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. तेही केलं, थंडीतसुद्धा. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की तुमचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळूनही एक धड वाक्य होत नाही. मग तुम्हीच मला तुमची भाषा शिकवायला लागलात. माझं नाव वामन. तुमच्या जिभेवर ते बामान व्हायचं, आणि ओट्यावरची माणसं पोट धरून हसायची, "शिष्टरबाईनं जात बरुबर वळखली की वो!" मला राग यायचा. तुम्ही विचारायचात, का हसतात? मी म्हणायचो, काही नाही.

हे "काही नाही" माझ्या तोंडात फार जुनं होतं. अर्ज लिहिणाऱ्याला ती सवयच लागते. माणूस येतो, सासऱ्यापासून सुरुवात करतो, भावानं बांध कोरला ते सांगताना मध्येच आईच्या आठवणीनं रडतो, आणि त्यातून आपण चार ओळी काढायच्या. सर्व्हे नंबर, हद्द, तक्रार, विनंती. अर्जात रडू लिहीत नाहीत. मामलेदार वाचत नाही. सतरा वर्षं हेच केलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. तुमच्या दवाखान्यातही मी तेच करत राहिलो. एखादी बाई पाव तास बोलायची. सासू, उपास, पहिलं बाळंतपण, छातीत कसं कालवतं, सगळं. आणि मी तुमच्याकडे वळून म्हणायचो, "छातीत दुखतं, आठ दिवस."

तुम्ही माझ्याकडे रोखून बघायचात. "बामान, ती एवढं बोलली. बाकीचं कुठं गेलं?"

"बाकी नुसतं रडगाणं आहे, सिस्टर."

"मला रडगाणंच हवंय. खोकला मला कानानं ऐकू येतो."

यावर आपलं किती वेळा वाजलं! आणि उलट दिशेनंही तेच. तुम्ही म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन दहा वाक्यं बोलायचात. तुम्हाला बघून मला आनंद झाला, काल दिवसभर तुमची काळजी वाटली, गोळ्या कडू आहेत त्याचं मला वाईट वाटतं. मी सांगायचो, "गोळ्या दोन वेळा, जेवणानंतर." म्हातारा तुमच्या तोंडाकडे बघायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मान डोलवायचा. मला वाटायचं, किती सुटसुटीत काम केलं.

सकाळचा तुमचा नियम आठवतो. मी आलो की "कोमो एस्ता, सेन्योर बामान?" कसे आहात? आणि "बिएन", म्हणजे बरा आहे, हे उत्तर चालायचं नाही. तुम्ही ते बंदच करून टाकलं होतं. बरा म्हणजे काय? दमलात? तर कान्सादो म्हणा. चिडलात? एन्फादादो. खूश? कोन्तेन्तो. मन खाली बसलंय? त्रिस्ते. यातलं एक निवडल्याशिवाय फडताळाची किल्ली द्यायच्या नाहीत तुम्ही. चाळिशीच्या माणसाला पहिलीच्या पोरागत उभं करायच्या. मी मुद्दाम रोज एन्फादादो म्हणायचो. तुम्ही हसून म्हणायच्या, चला, काहीतरी वाटतंय म्हणजे.

तुमचं सगळं बाहेर असायचं. क्विनीनचं पार्सल आलं नाही की "के राबिया!" म्हणून टेबलावर हात आपटायच्या. अडलेली बाई मोकळी झाली की "के अलेग्रिया!" एवढ्यानं ओरडायच्या की आवारातल्या शेळ्या उधळायच्या. झाडणाऱ्या बाईवर चिडलात तर घटकाभरात तिच्यापुढे जाऊन "के बेर्ग्वेन्था" म्हणायच्या, माझी मलाच लाज वाटते असं. आणि तिचा हात धरायच्या. ती बिचारी गोंधळून जायची. रविवारी आईला पत्र लिहायला बसायच्या. दर पत्रात "ते एचो दे मेनोस, मामा." तुझ्यावाचून मला करमत नाही. मी एकदा म्हटलं, दर आठवड्याला तेच काय लिहायचं? तुम्ही म्हणालात, दर आठवड्याला तेच वाटतं म्हणून.

आमच्यात असं बोलत नाहीत, हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं असेल. न बोलता कळतं आमच्यात. भाकरीवर तूप जास्त पडलं की कळतं, पाण्याचा तांब्या हातात आला की कळतं. तुम्ही म्हणायच्या, कळतं तर मग तुमच्या गावातली माणसं माझ्यापाशी येऊन एवढी का बोलतात? ते आपलं भांडण तसंच अर्धवट राहिलं. खरं सांगायचं तर तुम्ही कधीच जिंकला होता. मी कबूल केलं नाही एवढंच.

माझे वडील गेले तेव्हा घरी तेरा दिवस माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. थोरला मुलगा, सगळं माझ्यावर. पाहुण्यांची उठबस, भटजींची सोय, आईला धरून ठेवणं. चौदाव्या दिवशी कामावर आलो. तुम्ही विचारलंत, "कोमो एस्ता?" मी तोंड उघडलं आणि "एस्तोय मुई त्रिस्ते" एवढंच म्हणालो. मला फार दुःख झालंय. मराठीत हे वाक्य मी जन्मात कुणापुढे म्हटलं नव्हतं, अजूनही म्हणणार नाही. पण तुमच्या भाषेत ते सरळ बाहेर आलं, आणि मग तुमच्या त्या पांढऱ्या टेबलावर डोकं ठेवून मी हमसाहमशी रडलो. तुम्ही काही समजावलं नाहीत. दार लोटून घेतलंत आणि बाहेरच्यांना खुणेनं थांबवलंत. तेवढ्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे, आणि हेही तुम्हाला कधी म्हणालो नाही.

तुमच्या नादानं एकदा घरी प्रयोग केला होता. तुम्ही पैज लावली होती, आज बायकोला काहीतरी चांगलं सांगायचं. संध्याकाळी जेवताना मी इंदूला म्हटलं, "तू असलीस की घरात बरं वाटतं." तिनं परात खाली ठेवली, उठून आली आणि माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे का हो? दवाखान्यातनं काही घेऊन तर नाही ना आलात?" दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर तुम्ही खुर्चीतून पडता पडता वाचलात. पण तुम्हाला पुढचं सांगितलं नव्हतं. त्या रात्री इंदूनं माझ्या पानात साखर-तूप जास्त वाढलं, आणि चार दिवस गुणगुणत होती.

एवढं सगळं मला शिकवलंत. आणि मी तुम्हाला काय शिकवलं? जीभ. पोट. खोकला. जुलाब. कुठं दुखतं. श्वास घ्या. पुन्हा या. सात वर्षांत एवढंच. तुम्ही वही घेऊन यायच्या. "मला फार वाईट वाटतं" हे कसं म्हणायचं? "तू काळजी करू नकोस, मी आहे" हे कसं म्हणायचं? मी म्हणायचो, एवढ्यानं भागतंय की, बाकीचं मी आहे ना सांगायला. आमच्यात असं बोलत नाहीत, उगाच लोक हसतील. वही मिटायच्या बिचाऱ्या. आता कबूल करायला हरकत नाही. मला भीती वाटत होती. तुम्हाला मराठी बोलता आलं तर खुर्चीच्या डाव्या अंगाला उभं राहायला वामन कशाला हवा? कचेरीबाहेरच्या त्या चिंचेखाली परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. बाईचं बोलणं फक्त मला कळतं, ही ऐट होती माझी गावात. तुमच्या आणि गावाच्या मध्ये एकच दार होतं आणि त्याची किल्ली मी कनवटीला ठेवली होती.

आता ठकीचं.

चार वर्षं झाली. श्रावण होता, भुईमुगाच्या खुरपण्या चालल्या होत्या. पारूबाई वस्तीवरून ठकीला कडेवर घेऊन आली. साडेतीन वर्षांची पोर, गळा सुजलेला, अंगात कणकण. तुम्ही घसा पाहिलात. दिवसभरात साठ माणसं बघून झाली होती, तुमचे डोळे ओढले होते. तुम्ही मिठाच्या गुळण्या सांगितल्यात, गोळी दिलीत आणि घरी पाठवलंत. दुसऱ्या दिवशी दुपारी पारूबाई धावत आली तेव्हा पोरीचा श्वास घुसमटत होता. घटसर्प. त्यावरचं इंजेक्शन नगरला होतं. नगर कुठं नि आपण कुठं! तासाभरात तुमच्या मांडीवर पोर गेली.

तुम्ही पारूबाईचे दोन्ही हात धरलेत आणि बोलायला लागलात. रडत होता, पण शब्द स्वच्छ होते. तुम्ही म्हणत होता, चूक माझी आहे. काल मला हे ओळखता आलं नाही. तुम्ही काय काय म्हणालात त्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे. पारूबाईनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. "काय म्हणत्यात बाई?"

दारात तिचा नवरा होता, दीर होता, वस्तीवरची दहा माणसं होती. माझ्यातला अर्जनवीस जागा झाला. आपली चूक आपल्या तोंडानं कबूल करायची नसते. उद्या तक्रार होईल, दवाखाना बंद पडेल, बाईंना परत पाठवतील. हे सगळं मनात यायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "बाई म्हणतात, उशीर केलास. दोन दिवस आधी आणायला हवी होतीस."

पारूबाईनं तुमच्या हातातून हात काढून घेतले. झटकन, चटका बसल्यागत. पोरीला उचललं आणि निघून गेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तिनं माफ केलं नाही," म्हणालात. मी म्हणालो, "ती दुःखात आहे, सिस्टर."

आणि मला वाटलं, मी दवाखाना वाचवला. त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवलो मी.

मला नंतर वस्तीवरच्या माणसांकडून कळलं ते असं, की मी अंधारात फेकलेला दगड बरोबर लागला होता. पोरीचा घसा तुमच्याकडे आणायच्या आदल्या दिवसापासूनच दुखत होता. पण खुरपणीचा दिवस बुडू नये म्हणून पारूबाई तिला घरी ठेवून कामावर गेली होती. हे तेव्हा तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिला वाटलं, शिष्टरबाईनं घसा बघून ओळखलं. तेव्हापासून तिनं खुरपं हातात धरलं नाही. लाकडाच्या मोळ्या वाहायची, गवऱ्या विकायची, पण कुणाच्या रानात खुरपायला म्हणून बसली नाही. दवाखान्याची पायरी चढली नाही. तापानं फणफणली तरी वस्तीवर पडून राहिली. लोकांना म्हणायची, "ती बाई रडती बी आन् बोल बी लावती. असलं मानूस नगं मला."

बाजाराच्या दिवशी ती समोरून यायची आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायची. तुम्ही थांबायच्या. एकदा हात वर केलात, तिनं बघितलंही नाही. तुम्ही मला विचारायच्या, अजून? मी म्हणायचो, घाईत असेल. दर श्रावणात तुम्ही तिच्यासाठी लुगडं पाठवायला सांगायच्या. मी ते नेऊन दुसऱ्याच कुणाला तरी द्यायचो आणि येऊन सांगायचो, घेतलं तिनं. मग तुमच्या तोंडावर जे समाधान यायचं, ते बघवायचं नाही मला. तरी बघत होतो. चार श्रावण.

या चार वर्षांत किती वेळा सांगायचं ठरवलं, त्याची गणती नाही. सकाळी तुम्ही विचारायच्या, "कोमो एस्ता?" आणि जिभेच्या टोकावर "के बेर्ग्वेन्था" असायचं. मी म्हणायचो, कान्सादो. दमलोय. तेही खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरूण धरलंत. ताप उतरेना. शेवटच्या चार दिवसांत तुम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. "बामान, त्या आईला बोलवा. एकदा. मला तिच्याशी बोलायचंय." मी खाटेशी उभा होतो, डाव्याच अंगाला. वस्ती अर्ध्या मैलावर. पारूबाई घरीच होती, मी सकाळीच तिला मोळी घेऊन जाताना पाहिलं होतं. आणि मी म्हणालो, "ती गावात नाही, सिस्टर. जामखेडला बहिणीकडे गेलीय. आली की आणतो." तुम्ही डोळे मिटलेत. "आली की लगेच," म्हणालात. दुसऱ्या दिवशी विचारलंत, आली? मी म्हणालो, उद्या येईल. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत.

सिस्टर, ते पहिलं खोटं मी घाबरून बोललो होतो. हे दुसरं नुसतं माझ्या अब्रूसाठी होतं. पारूबाई आली असती तर तुमचं बोलणं तिला सांगावं लागलं असतं, आणि माझं बिंग फुटलं असतं. तुम्ही मरत होता आणि मी माझं तोंड सांभाळत होतो. याला क्षमा नाही. मी मागतही नाही.

आज सकाळी त्या म्हातारीनं विचारलं ना, आता कुणाचं सांगणार, तेव्हाच उठायला हवं होतं. दुपारपर्यंत रेंगाळलो. मग वहाणा चढवल्या आणि गेलो. पारूबाई अंगणात गवऱ्या लावत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला. "या, भाऊसाब. आज इकडं कुनीकडं?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. लहान करून, माझ्या सवयीप्रमाणे. ठकी गेली त्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या की चूक त्यांची आहे. तुझी नाही. उशीर केलास, हे त्या म्हणाल्याच नव्हत्या. ते मी माझ्या पदरचं सांगितलं. त्यांनी दर श्रावणात तुला लुगडं पाठवलं, शेवटी तुला भेटायला बोलावलं, तेही मी तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

हातातलं शेण वाळायला लागलं तरी ती तशीच उभी. मग म्हणाली, "परत सांग." पहिल्यांदाच मला अरे-तुरे. मी परत सांगितलं.

"चार वर्सं," ती म्हणाली. "चार वर्सं म्या माझ्या हातानं लेक मारली म्हनून जगले. रोज. भाकरीचा घास उचलला की त्यो खुरपनीचा दिस आठवायचा. आन् ती बाई तकडं झुरत मेली. आन् तू रोज दोगींच्या मदनं येत-जात हुतास! तुला काईच वाटलं न्हाई रं?"

मी म्हणालो, "वाटलं."

"मंग बोलला का न्हाईस?"

तिनं घागरीच्या पाण्यानं हात धुतले, कोपरापर्यंत. "कुठं ठिवलीया बाईला? दाव मला."

आम्ही दोघं आवारात आलो. कडुलिंबाखाली तुमची माती अजून बसलेली नाही. पारूबाई खाली बसली आणि दोन्ही तळवे मातीवर टेकून तुमच्याशी बोलायला लागली, तुम्ही समोर असल्यासारखी. बराच वेळ बोलली. मग मान वर न करता म्हणाली, "सांग तिला. तिला आपली बोली येत न्हाई."

मी सांगितलं, सिस्टर. तुमच्या भाषेत, मोठ्यानं. तुम्ही ऐकलं असेल तर ऐकलं असेल, तरी इथं पुन्हा लिहितो. ती म्हणाली, बाई, मला ठावंच न्हवतं. म्या हात काढून घेतला, त्यो लागला असंल तुमाला. एक दिस माझा चुकला, एक दिस तुमचा चुकला. दोगींनी मिळून पोर घालवली आन् दोगी येगयेगळ्या रडलो. येका जागी बसून रडलो असतो तर लई बरं झालं असतं. तुमची लुगडी मला पोचली न्हाईत, पर पाठिवली हुती ते आज कळलं. आन् ह्यो तुमचा बामन लबाड हाय. त्याला माफ करायचं का न्हाई ते तुमी ठरवा, मला जमायचं न्हाई.

हेही सगळं सांगितलं. लबाडसुद्धा. त्याला तुमच्या भाषेत शब्द सापडायला जरा वेळ लागला, कारण तो तुम्ही माझ्यासाठी कधी वापरला नव्हता.

आणि मग सवयीनं थांबलो. मराठीतलं तुम्हाला सांगून झालं की मी थांबायचो ना, तुमच्या तोंडाकडे बघत. तसाच मातीकडे बघत थांबलो. पारूबाईनं मान वर केली. ठकी गेली त्या दिवशीसारखीच माझ्याकडे बघत म्हणाली, "काय म्हणत्यात बाई?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि सांगितलं.

"बाई म्हणतात, पारू, माझ्या लेकी, तुझी काही चूक नाही. काल तू हिला घेऊन आलीस, मी घसा पाहिला आणि मला ओळखता आलं नाही. ओळखायला हवं होतं, ते माझं काम होतं. तू आई आहेस, तू तिला माझ्यापाशी आणलंस, तू तुझं केलंस. मला इतकं वाईट वाटतंय की ते कुठं ठेवू कळत नाही. मला माफ कर. नाही जमलं तरी मी समजेन, रागावणार नाही. पण घरी जाताना हे तुझ्यामुळं झालं असं मनात घेऊन जाऊ नकोस. कधीच नको. माझा हात सोडू नकोस एवढ्यात, थोडा वेळ बस."

आणि त्यापुढचं एक वाक्य तुम्ही मला म्हणाला होता. तेही तिला सांगितलं. "बामान, हे सगळं सांगा तिला. यातला एक शब्दही गाळू नका."

पारूबाई उठली नाही. ऊन कलेपर्यंत बसली होती, हात मातीवर ठेवून.